अक्षरांचे आयुष्य आणि दौतीतील शाई

भगवान ऋषभदेवांनी मानवाला उपजीविकेची सहा कर्मे शिकवली, असे जैन परंपरा मानते. त्यांत असि आणि कृषि यांच्या मधोमध मसि आहे. असि म्हणजे तलवार, कृषि म्हणजे शेती आणि मसि म्हणजे शाई, अर्थात लेखनकर्म. रक्षण करणारे शस्त्र आणि पोसणारे अन्न यांच्या पंक्तीला शाईला बसवणाऱ्या या परंपरेने पुढे शतकानुशतके ग्रंथ लिहिले, लिहवून घेतले आणि जिवापाड जपले. ज्ञानपंचमीला व श्रुतपंचमीला ग्रंथांची पूजा होते. दिवाळीला नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ची उतरंड रचली जाते आणि दौत-लेखणीला हळदकुंकू वाहिले जाते. पूजेनंतर मात्र आजच्या बहुतेक घरांतील दौत वर्षभर कोरडीच राहते. हिशेब संगणकावर गेले, पत्रे भ्रमणध्वनीवर गेली आणि उरलेसुरले लेखन बॉलपेनच्या वाट्याला आले.

तरीही शाईच्या पेनाने लिहिण्याची गोडी संपलेली नाही. उलट, गेल्या काही वर्षांत तरुण हात पुन्हा दौतीकडे वळताना दिसतात. त्यांना प्रश्न पडतो तो साधाच: लिहिताना सुख देणारी शाई कोणती? त्या प्रश्नाच्या पाठोपाठ दुसरा, अधिक गंभीर प्रश्न येतो: आज लिहिलेले पन्नास वर्षांनी वाचता येईल काय? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एका दौतीत सहसा मिळत नाहीत. म्हणून शाई कशाची बनते आणि ती कागदावर काय करते, हे समजून घेणे हिताचे.

अमळनेरचा हस्तलिखिताशी असलेला ऋणानुबंध महाराष्ट्राला ठाऊक आहे. पांडुरंग सदाशिव साने आधी येथील तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी आले आणि १९२४ मध्ये प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. शाळेच्या वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली, तेव्हा मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक चालवले. छापखाना नाही, जुळारी नाही, खिळे नाहीत. रोजचा मजकूर रोज स्वतःच्या हाताने लिहायचा आणि मुलांच्या हाती द्यायचा. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. पुढे नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये ‘श्यामची आई’ लिहिली गेली, तीही हातानेच. साने गुरुजींच्या लेखनातील ओघ रोजच्या हस्तलेखनाच्या सरावात मुरलेला होता. ज्याला दररोज पानेच्या पाने लिहायची असतात, त्याला अडखळणारी लेखणी परवडत नाही. विचाराच्या वेगाने वाहणारी शाई ही त्याची गरज असते, चैन नव्हे.

लेखनसाहित्याचे हे नाते खानदेशाच्या मातीतही होते. एरंडोल आणि यावल ही दोन्ही गावे एकेकाळी देशी कागदासाठी प्रसिद्ध होती आणि यावलला नीळही तयार होत असे. कागद आणि रंग एकाच मुलखात निपजत होते. हाताने केलेल्या त्या कागदाला खळ लावून, वाळवून, गुळगुळीत दगडाने घोटून चकाकी आणली जाई. घोटलेल्या कागदावर बोरू सहज फिरतो आणि शाई तंतूंत शिरून फुटत नाही, पृष्ठभागावरच बसते. आजच्या स्वस्त वहीच्या पानावर उत्तम शाईसुद्धा का पसरते, याचे उत्तर येथेच आहे. दोष पुष्कळदा शाईचा नसून खळ न मिळालेल्या कागदाचा असतो.

जुन्या ग्रंथभांडारांतील शाई मात्र आजच्या पेनातील शाईहून अगदी वेगळी होती. पाटण आणि जैसलमेर येथील भांडारांमध्ये शेकडो वर्षांपूर्वीची अक्षरे आजही काळीभोर दिसतात, कारण तो काळा रंग काजळाचा आहे. मुनी पुण्यविजयजींनी १९३५ च्या सुमारास जैन लेखनकलेवर गुजरातीत जो विस्तृत अभ्यास लिहिला, त्यात या शाईच्या कृती दिलेल्या आहेत. तिळाच्या तेलाच्या दिव्याचे काजळ धरावे, तेवढाच हिराबोळ घ्यावा, दुप्पट डिंक घालावा आणि हे मिश्रण दीर्घकाळ घोटावे, असे तिचे सर्वसाधारण प्रमाण. माक्याचा रस घातल्यास शाईला तेज चढते, असेही परंपरा सांगते. काजळ म्हणजे शुद्ध कार्बन. तो उन्हाने उडत नाही, हवेने बदलत नाही आणि कागदाला खातही नाही. डिंक त्याला कागदावर धरून ठेवतो. या डिंकामुळेच दमट हवेत पाने एकमेकांना चिकटण्याची भीती असे आणि ती टाळण्यासाठी पोथीच्या पानांवर गुलाल भुरभुरला जाई. जुनी पोथी उघडताना बोटांना लागणाऱ्या लालसर भुकटीमागे एवढा विचार होता.

दुसरी प्राचीन शाई मायफळाची. मायफळ हे नाव बाळगुटीमुळे मराठी घरांना परिचित आहे. ओकवर्गीय झाडावर एक बारीक कीटक अंडे घालतो, तेव्हा झाड त्याभोवती जी गाठ तयार करते, तेच मायफळ. त्यात टॅनिन भरपूर असते. मायफळाच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोहाचे सल्फेट, मिसळले की जे द्रावण होते ते लिहिताना फिकट दिसते आणि हवेतील प्राणवायू लागताच काही तासांत, काही दिवसांत काळे पडत जाते. लोह आणि टॅनिन यांचा हा काळा संयोग कागदाच्या तंतूंतच तयार होत असल्यामुळे पाण्याने धुतला जात नाही. युरोपात अनेक शतके दस्तऐवज, चर्चची जन्ममृत्यूची पुस्तके आणि संगीतकारांच्या संहिता याच शाईने लिहिल्या गेल्या. तिचा दोष असा की आम्लता अधिक झाली तर ती कागद कुरतडते. बाखच्या हस्तलिखित स्वरलेखांची कित्येक पाने तिने अशीच जर्जर केली आहेत. अक्षर टिकवणारी शाई कागदालाच खाऊ लागली तर टिकाऊपणाला अर्थ उरत नाही. ज्यांना कीटकजन्य पदार्थ वर्ज्य आहेत, त्यांनी मायफळाची उत्पत्तीही ध्यानात ठेवावी. जुन्या काही कृतींत लाखेचा रस येतो आणि लाखही कीटकापासूनच मिळते.

टाक आणि बोरू यांना कोणतीही शाई चालत असे, कारण ते दौतीत बुडवायचे आणि नंतर पुसून ठेवायचे. फाउंटन पेनाने हे स्वातंत्र्य संपवले. अमेरिकेत लुईस वॉटरमन यांनी १८८४ मध्ये ज्या पेनाचे पेटंट घेतले, त्याचे मर्म निबेखालच्या जिभेत होते. जिभेतील केसासारख्या बारीक खाचांतून शाई निबेकडे ओढली जाते आणि जेवढी शाई बाहेर जाते तेवढी हवा उलट वाटेने आत येते. शाई आणि हवेचा हा देवाणघेवाणीचा हिशेब चोख राहिला तरच पेन अखंड लिहिते. काजळाचे कण आणि डिंक या खाचांत अडकून वाळले की पेन कायमचे बंद पडते. म्हणून चित्रकारांची काळी ‘इंडियन इंक’ शाईच्या पेनात कधीही भरू नये. पेनाला हवी ती पूर्ण विरघळलेली, पाण्यासारखी पातळ शाई.

अशी शाई रसायनशास्त्राने दिली. इंग्लंडमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या तरुणाला १८५६ मध्ये पहिला कृत्रिम जांभळा रंग गवसला आणि पुढे अशा रंगांची रांगच लागली. १८९७ मध्ये जर्मनीतून कृत्रिम नीळ बाजारात आली आणि भारतातील निळीची शेती काही वर्षांतच ओसरली. आजच्या शाईत बहुतांश पाणीच असते. त्यात थोडा रंग, निबेत शाई वाळू नये म्हणून ग्लिसरीनसारखा ओलावा धरणारा पदार्थ, प्रवाह सुरळीत राहावा म्हणून पाण्याचा पृष्ठताण कमी करणारे द्रव्य आणि बुरशी येऊ नये म्हणून जंतुनाशक, एवढाच तिचा संसार. या चार गोष्टींचा तोल ज्याला साधला, त्याची शाई हाताला सुख देते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने १९३१ हे साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. अमेरिकेच्या पार्कर कंपनीने ‘क्विंक’ ही लवकर वाळणारी शाई याच वर्षी बाजारात आणली आणि याच वर्षी मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकर व गोविंद परशुराम दांडेकर या बंधूंनी ‘हॉर्स ब्रँड’ नावाने शाईची पूड आणि गोळ्या करण्यास प्रारंभ केला. पुढे फाउंटन पेनासाठी ‘कॅमल’ शाई आली आणि कॅमल व इंक या दोन शब्दांतून ‘कॅमलिन’ हे नाव घडले. शाळकरी मुलांच्या बोटांवरचा निळा डाग महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या ज्या दौतीतून आला, ती दौत एका मराठी कुटुंबाच्या उद्यमातून जन्मली होती. शाईची गोळी पाण्यात विरघळवून वर्ग चालवणाऱ्या त्या काळी शाईचा दर्जा पाण्यावरही ठरे. जड पाण्यातील क्षार रंगाशी भांडतात आणि तळाला गाळ बसतो. खानदेशातील विहिरी आणि कूपनलिका पाहता हा मुद्दा आजही जुना झालेला नाही. दाट झालेली शाई पातळ करायची असेल तर नळाचे किंवा कूपनलिकेचे पाणी घालू नये, ऊर्ध्वपातित पाण्याचे दोन थेंब घालावेत.

स्वदेशीच्या लाटेत इतर प्रांतांनीही आपापला वाटा उचलला. आंध्रातील राजमहेंद्री येथे के. व्ही. रत्नम यांनी संपूर्ण देशी पेन घडवले आणि १९३५ मध्ये गांधीजींनी पत्र लिहून त्याची पोच दिली. बंगालमध्ये शास्त्रज्ञ सतीशचंद्र दासगुप्ता यांच्या मार्गदर्शनाने मैत्र बंधूंनी १९३४ मध्ये ‘सुलेखा’ शाई सुरू केली. सुलेखाचा कारखाना मध्यंतरी अनेक वर्षे बंद पडला, नंतर उघडला आणि २०२० पासून तिने पुन्हा फाउंटन पेनाच्या शाया बाजारात आणल्या. त्यांना नावे दिली ती स्वदेशी, स्वराज, स्वाधीन अशी. केरळातील ‘कृष्णा’ शायांनीही अलीकडे रसिकांत चांगले नाव मिळवले आहे. बंद पडलेली दौत पुन्हा भरली जाते, याचा अर्थ तिला विचारणारे हात अजून आहेत.

आता लिहिण्याच्या सुखाकडे वळावे. शाईची ‘ओली’ आणि ‘कोरडी’ अशी ढोबळ प्रतवारी करता येते. ओली शाई निबेतून मोकळेपणाने वाहते, निब कागदावर तरंगल्यासारखी वाटते, पण वाळायला वेळ लागतो आणि हलक्या कागदाच्या पाठीमागे ती उमटते. कोरडी शाई आखडून वाहते, रेघ बारीक ठेवते, लवकर वाळते, पण निब किंचित खरखरते. पेन स्वभावतः सढळ असेल तर त्यात कोरडी शाई भरावी, चिकट हाताचे असेल तर ओली. संसाराप्रमाणे येथेही एकाचा अतिरेक दुसऱ्याच्या संयमाने सावरतो. जर्मनीच्या पेलिकन कंपनीच्या ४००१ मालिकेतील शाया कोरड्या मानल्या जातात, तर जपानच्या पायलट कंपनीची ‘इरोशिझुकु’ मालिका मोकळ्या वाहण्यासाठी नावाजलेली आहे. या मालिकेतील रंगांना जपानी निसर्गातली नावे आहेत. ‘कोन-पेकी’ गडद आकाशी आहे, तर ‘यामा-बुदो’ रानद्राक्षांच्या जांभळ्या रंगाची. किंमत मात्र सामान्य दौतीच्या कित्येक पट असते. इंग्लंडमध्ये १८६४ साली सुरू झालेली ‘डायमाइन’ कंपनी आणि ‘जे. हर्बिन’ हे सतराव्या शतकातील फ्रेंच घराणे यांच्या रंगपेट्याही मोठ्या आहेत. परंतु सुखासाठी सातासमुद्रापार जावेच लागते असे नाही. साधी रॉयल ब्ल्यू शाई, स्वच्छ निब आणि गुळगुळीत, जरा जाड कागद यांच्या भेटीत जे समाधान आहे, ते महाग दौतीत आणि रद्दी कागदात नाही.

उत्तम शाई वापरणाऱ्याला आणखी एक आनंद मिळतो, तो छटांचा. अक्षर वळताना हात क्षणभर थबकतो तेथे शाई साचून गडद दिसते आणि रेघ पळते तेथे फिकी राहते. बॉलपेनची रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखीच असते. शाईच्या रेघेत लिहिणाऱ्याचा वेग, विराम आणि मनःस्थिती उमटते. बॉलपेनला दाब द्यावा लागतो, शाईच्या पेनाला नुसते टेकवावे लागते. त्यामुळे लांबलचक लेखनात बोटे आणि मनगट शिणत नाहीत. लहान मुलांना हे पेन दिले तर पेन कसे धरावे आणि हात कसा हलका ठेवावा, हे ते पेनच त्यांना शिकवते.

पण सुख आणि चिरंतनता यांचा मेळ बसतोच असे नाही. बहुतेक सुंदर रंगीत शाया पाण्यात विरघळणाऱ्या रंगांच्या असतात. कपड्यावर पडलेली रॉयल ब्ल्यू सहज धुतली जाते, हा शाळकरी मुलांच्या आईला दिलासा आहे. त्याच शाईने लिहिलेले पत्र पावसात भिजले किंवा भिंतीवर चौकटीत लावून उन्हात राहिले, तर अक्षरेही त्याच सहजतेने निघून जातात. वंशावळ, इच्छापत्र, दानपत्र, संस्थेच्या सभेचे इतिवृत्त किंवा आजोबांनी सांगितलेल्या आठवणी यांसाठी अशी शाई वापरणे म्हणजे वाळूवर लिहिणे होय. अशा कामासाठी दोन मार्ग आहेत. पहिला, पेनासाठी सौम्य केलेली मायफळवर्गीय निळीकाळी शाई. पेलिकनची ब्ल्यू-ब्लॅक या वर्गातली आहे. दुसरा, अतिसूक्ष्म कार्बनकणांची आधुनिक काळी शाई, जशी जपानच्या प्लॅटिनम कंपनीची ‘कार्बन ब्लॅक’. ही दुसरी शाई म्हणजे भांडारांतील काजळाची पणतीच म्हणावी. कण इतके बारीक की जिभेच्या खाचांतून जातात. मात्र या दोन्ही शाया पेनात वाळू देऊ नयेत आणि पेन नियमाने धुवावे.

बाटलीवरील ‘पर्मनंट’ या शब्दावर विसंबण्यापेक्षा घरीच परीक्षा घ्यावी. ज्या कागदावर लिहायचे त्याच कागदाच्या दोन पट्ट्यांवर त्या शाईने चार ओळी लिहाव्यात. एक दिवस वाळल्यावर पहिल्या पट्टीवर पाण्याचा थेंब ठेवून दहा मिनिटांनी टिपकागदाने टिपावा. दुसऱ्या पट्टीचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकून ती ऊन येणाऱ्या खिडकीत महिनाभर लावावी. खानदेशातील वैशाखाचे ऊन यासाठी फारच कठोर परीक्षक आहे. महिन्याने पुठ्ठा काढला की झाकलेली आणि उघडी अक्षरे शेजारी-शेजारी आपली साक्ष देतात. ज्या शाईची अक्षरे दोन्ही परीक्षांत टिकली, ती दस्तऐवजासाठी. जी हरली, ती रोजच्या टिपणांसाठी आणि मित्रांच्या पत्रांसाठी.

हेच ऊन पेनाचीही परीक्षा घेते. उन्हाळ्यात टोपण क्षणभर उघडे राहिले तरी निबेवरची शाई सुकते. म्हणून विचार करताना पेनाला टोपण घालण्याची सवय लावावी. खिशातील पेन अर्धे रिकामे असेल तर शरीराच्या आणि हवेच्या उष्णतेने आतील हवा फुगते आणि शाई बाहेर ढकलते. सदऱ्यावरील डागाचे कारण बहुधा हेच असते. प्रवासात पेन पूर्ण भरलेले किंवा पूर्ण रिकामे असावे आणि निब वरच्या बाजूला राहील असे ठेवावे. शाई बदलताना कोमट पाण्याने, पाणी नितळ येईपर्यंत पेन धुवावे. गरम पाणी वापरू नये. दोन कंपन्यांच्या शाया एकत्र करू नयेत, कारण एक आम्लधर्मी आणि दुसरी अल्कधर्मी असल्यास पेनातच साका धरतो. दौत उजेडापासून दूर, घट्ट झाकण लावून ठेवावी. तळाशी गाळ, वर तवंग किंवा कुबट वास दिसला तर ती शाई पेनात भरू नये. एवढी निगा घेतली की एक पेन आणि काचेची एक दौत दीर्घकाळ साथ देतात. लिहून संपलेल्या प्लॅस्टिकच्या पेनांचा ढीग साचत नाही आणि अपरिग्रहाचा एक लहानसा पाठ रोजच्या व्यवहारात उतरतो.

शाईचे खरे मोल खानदेशाने एका घरात पाहिले आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्यांना सुचलेल्या ओव्या हवेतच विरून गेल्या असत्या. घरच्या लिहिणाऱ्या हातांनी त्या वेळीच वहीत उतरवल्या म्हणून उरल्या. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. त्यांचे पुत्र कवी सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ मध्ये त्यांच्या कवितांचे पुस्तक निघाले. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला प्रथम भरले, ते वर्षही १९५२ च. एका साध्या वहीतील शाई जर त्या वेळी उडून गेली असती, तर मराठी कवितेचा एक उंबरठाच नाहीसा झाला असता.

प्रत्येक घरात अशी एखादी आजी, एखादे काका, एखादी मावशी असते. त्यांच्याजवळ गावाच्या, व्यापाराच्या, स्थलांतराच्या, व्रतांच्या आणि दुष्काळाच्या आठवणी असतात. ध्वनिमुद्रण उपयोगी आहे, परंतु यंत्रे बदलतात आणि जुन्या फिती वाजवणारे साधन उरत नाही. कागदावरील अक्षराला वाचायला डोळ्यांवाचून काहीच लागत नाही. येत्या सुटीत घरातील मुलांच्या हाती एक चांगली वही, एक शाईचे पेन आणि टिकणाऱ्या काळ्या शाईची एक दौत द्यावी. वडीलधाऱ्यांजवळ बसून रोज एक पान उतरवून घेण्यास सांगावे. मुलांना वाहत्या निबेचे सुख मिळेल आणि कुटुंबाला वाचता येईल असा भूतकाळ.